चहाची वजावट

“गॅसच आहे हो ताई आता. चूल कधीच मोडली,” धाकटी म्हणाली आणि तोंडावर पदर धरून खोकायला लागली. खोकला थांबेना, तशी तिने एका हाताने भिंतीचा आधार घेतला आणि दुसऱ्या हाताने ओट्यावरच्या शेगडीकडे बोट केलं. बघा, मी काय खोटं सांगते का, असं त्या बोटाला म्हणायचं होतं.

वजनबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या. एका हातात स्प्रिंगचा वजनकाटा, दुसऱ्या हातात लाल सुतळीचा गुंडा, बगलेत जाडजूड वही. अडीचशे पायऱ्या चढून आल्यामुळे त्यांनाही धाप लागली होती, पण ती लवकर बसली. धाकटीची बसत नव्हती.

शेगडी चकचकीत होती. तिच्यावर फुलाफुलांचं कापड, त्या कापडाला इस्त्रीची घडी. जिच्यावर दूध उतू गेल्याचा एक डाग नाही ती शेगडी वापरातली नाही, हे ओळखायला शास्त्र शिकावं लागत नाही. शेजारी सिलिंडर. त्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं सील जसंच्या तसं. कड्यावर रंगवलेला नंबर वजनबाईंनी वाचला आणि वहीतलं धाकटीचं पान उघडलं. समोर आकडा दिसला की लिहून ठेवायचा, ही त्यांची जुनी खोड. गेल्या वर्षी समासात लिहिलेला नंबर हाच होता.

“सिलिंडर कधी आणलास गं भरून?”

“झाला असेल महिना.”

“बरं. आणि गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा?”

धाकटीने मान खाली घातली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा वरच्या दोन जावा होत्या, सासू होती, आजेसासू होती. आता त्यातलं कुणी उरलं नव्हतं, तिचे स्वतःचे केस पिकले होते, पण साऱ्या वस्तीत तिला धाकटीच म्हणत. ती खाली बसली आणि नखातली काजळी दुसऱ्या नखाने काढायला लागली.

“नळावर कागद चिकटवलाय, ताई. ज्या घरात चूल पेटलेली दिसेल त्या घराचं नाव सवलतीच्या यादीतून काढणार. छपराचे पत्रे, पोरांची पुस्तकं, सगळं त्या यादीवरच मिळतं ना. दोन माणसं येऊन सह्या घेऊन गेली, आमच्या घरी चूल नाही म्हणून.” तिने मान वर केली. “सिलिंडर संपला की खाली उतरायचं आणि भरलेला पाठीवर घेऊन वर यायचं. ह्यांच्या कमरेने केव्हाच राम म्हटलाय. माझी छाती ही अशी. कोण आणणार? म्हणून ठेवलाय तसाच. असू दे घरात, शोभेला.”

“आणि मला का लपवलंस?”

“तुम्ही पण सरकारच्याच ना.”

हे मात्र वजनबाईंना लागलं. त्या आत आल्या आणि धाकटीसमोर बसल्या.

“सव्वीस वर्षं येतेय मी. पहिल्या दिवशी तुझ्या सासूला काय सांगितलं होतं? आठवतंय का?”

“नाव वर जात नाही, नुसतं वजन जातं.”

“कधी गेलं का नाव?”

“नाही.”

“मग आताही जाणार नाही. काढ लाकडं.”

धाकटीने उठून कॉटखालचं जुनं गोणपाट ओढलं. गोणपाटाखाली फाटे होते, नीट कापून, एकावर एक रचलेले. चूलही निघाली. ती मोडली नव्हती, नुसती पत्र्याने झाकली होती, आणि तो पत्रा अजून कोमट होता.

वजनबाईंना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. अंगाने काडी आणि काम वजनं करण्याचं, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काम तसं सोपं होतं. वरच्या वस्तीतल्या ठरावीक चाळीस घरांत वर्षातून एकदा जायचं. दिवसभरात लागतील त्याहून थोडी जास्त लाकडं बाईला बाजूला काढायला सांगायची, लाल सुतळीने बांधून वजन करायचं, आणि बजावायचं की उद्या या वेळेपर्यंत यातलीच जाळ, दुसऱ्याला हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन उरलेल्याचं वजन करायचं. जे कमी भरलं ते त्या घराचं एका दिवसाचं जळण. त्या चाळीस घरांवरून साऱ्या विभागाच्या जळणाचा अंदाज मांडला जाई.

यात एक गोम होती, ती पुस्तकात कुठे लिहिलेली नव्हती. वजनबाई घरात आल्या की प्रत्येक बाई त्यांच्यासाठी चहा टाकायची. नाही म्हटलं तरी टाकायची. म्हणजे ज्या दिवशी जळण मोजायचं, नेमकं त्याच दिवशी ते मोजणारीमुळे जास्त जळायचं. पहिल्याच वर्षी वजनबाईंनी एका चहाला किती लाकूड लागतं ते घरी काटा लावून पाहिलं. पाव किलो भरलं. तेव्हापासून त्यांनी वहीत पट्टीने एक जादा रकाना आखला, त्यावर ‘माझा चहा’ असं लिहिलं, आणि प्रत्येक घराच्या जळणातून पाव किलो वजा करायला सुरुवात केली. तीन साहेब आले नि गेले. हा रकाना कशाचा, असं एकानेही विचारलं नाही.

धाकटीचा चहा पिऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या. “हिने दाखवली का लाकडं?” त्यातल्या एकीने विचारलं. वजनबाईंनी मान हलवली. “मग आमची पण बघा,” ती म्हणाली. पुढच्या बारा दिवसांत चाळीसच्या चाळीस घरांतली लाकडं कॉटखालून, माळ्यावरून, एका ठिकाणी तर चक्क कपड्यांच्या पेटीतून बाहेर आली. प्रत्येक घरात वजनबाईंनी तेच एक वाक्य सांगितलं.

ऑफिसात मात्र वेगळीच हवा होती. विभागात कुठलं इंधन किती वापरलं जातं याचा तुलनात्मक तक्ता दरवर्षी तिथून छापून निघे. कोळसा, तेल, गॅस, वीज आणि लाकूड, असे पाच रकाने आणि प्रत्येक रकान्याला एक कारकून. माणसंही रकान्यांच्याच नावाने ओळखली जात. “कोळसा आज रजेवर आहे,” “तेलाची मुलगी पास झाली,” “विजेचं आणि गॅसचं परत वाजलं,” असं तिथे सर्रास बोललं जाई आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बाकीच्या चौघांचे आकडे कंपन्यांकडून टपालाने येत, कारण त्यांच्या इंधनाला मीटर होते, पावत्या होत्या. लाकडाला मीटर नाही. लाकडाचा आकडा पायी जाऊन आणावा लागे.

मग पाचही आकडे एका मापात आणायचे. किलोभर लाकूड म्हणजे तेलाच्या हिशेबात जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. “एवढा डोंगर चढतेस आणि तिसरा हिस्सा घेऊन खाली येतेस,” असं कोळसेकाका वजनबाईंना चिडवायचे. कोळसेकाका म्हणजे कोळशाच्या रकान्याचे कारकून, तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेले. वजनबाई नोकरीला लागल्या तेव्हा विभागाच्या शंभर भाग ऊर्जेत एक्केचाळीस भाग लाकूड होतं. गेल्या वर्षी ते एकोणीसवर आलं होतं. यंदा वजनबाईंनी बेरीज दोनदा तपासली, अठरा आले. एकाने कमी. बरंच झालं, असं मनात म्हणून त्यांनी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेब नवीन होते. वयाने वजनबाईंच्या मुलासारखे, वागायला नम्र, उभ्या माणसाला आधी बसायला सांगणारे.

“बाई, हे कसं?” त्यांनी कागद पुढे सरकवला. “गॅसचा आकडा सांगतो की विभागातल्या शंभर टक्के घरांत जोडणी पोचली. तसं जाहीरही झालंय. मग लाकूड जाळतंय कोण?”

“जोडणी आहे, साहेब. वापर नाही.”

“हे तुम्ही म्हणता.”

“काटा म्हणतो.”

साहेब हसले. खरंच हसले, रागावले नाहीत. “मग वही आणा तुमची. घरवार यादी मला लागेल. ज्या चाळीस घरांनी चूल नाही म्हणून सह्या केल्या आणि तरी लाकूड जाळलं, त्यांची नावं पुरवठा खात्याला पाठवायची आहेत. वरून तसं पत्रच आलंय.”

“नावं वर पाठवायची पद्धत नाही, साहेब. नुसतं वजन जातं.”

“पद्धत होती. आता वहीशिवाय आकडा धरायचा नाही, असा आदेश आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, तुमची महिन्याभरात निवृत्ती. कशाला डोक्याला ताप करून घेता? दोन ओळी लिहून द्या की सर्व घरांत गॅस वापरात आहे, लाकूड नगण्य. मग कुणाची वही नको आणि कुणाची नावंही नकोत. सुंठेवाचून खोकला गेला.”

वजनबाईंना धाकटीचा खोकला आठवला. तो सुंठेने जाणारा नव्हता आणि सुंठेवाचूनही जाणारा नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पायऱ्यांच्या तळाशी छाती तपासणारी गाडी येई. गाडीतली डॉक्टरीण धाकटीला श्वासाचा पंप देई आणि त्या पंपावर तिचा महिना निघे. ही गाडी कुठल्या विभागाला द्यायची ते या तक्त्यावरूनच ठरायचं. लाकडाचा वाटा शेकडा पंधराच्या वर असेल तर गाडी, नाहीतर नाही. लाकूड नगण्य असं लिहिलं की पुढच्या महिन्यापासून मंगळवारही नगण्य.

“सोमवारी आणते,” त्या म्हणाल्या.

टेबलाशी येऊन बसल्या तेव्हा कोळसेकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वही दिलीस तर त्या बायका गेल्या. नगण्य लिहिलंस तर गाडी गेली. इकडे आड, तिकडे विहीर.”

“काका, तेलाची फाइल भिजली होती, ते वर्ष आठवतं तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? छप्पर गळलं नि तेलात पाणी शिरलं. नऊ महिने पुरला होता तो विनोद आपल्याला.” ते सवयीने हसले. “काही नाही, अकरावा नियम लावला. माहिती उपलब्ध नसेल तर मागच्या वर्षीचा आकडा घ्यावा आणि त्यावर तारा काढून तळाशी टीप—” बोलता बोलता ते थांबले. त्यांनी वजनबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या टेबलावरच्या वहीकडे, आणि मग घाईघाईने आपल्या कोळशात डोकं घातलं.

वजनबाई वही घरी घेऊन आल्या. त्यांचे यजमान एस्टीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इंजिनांच्या आवाजात कान गेले आणि निवृत्तीनंतर तर ते बायकोच्या ओठांवरूनच बोलणं ओळखायचे. त्या संध्याकाळी ओठ हलतच नव्हते.

“काय गं, गिअर कुठे अडकलाय तुझा?”

त्यांनी सांगितलं. मोठ्याने, शब्द तोडून तोडून, सगळं.

“मग देऊ नकोस वही. सांग, नाही देत.”

“वही सरकारची आहे. शिपाई पाठवून घेऊन जातील. आणि नाही देत म्हटलं की तिच्यात काय आहे ते आपोआपच कळलं.”

“हरवली म्हणून सांग.”

“तेच मनात आहे.”

यजमानांनी मान हलवली. “सव्वीस वर्षांत तुझी टाचणी हरवली नाही. तू हरवली म्हणालीस तर कुणाचा विश्वास बसेल?”

“बसेल हो. वाईट ऐकलं की माणसाचा लगेच विश्वास बसतो.”

“आणि शेवटच्या महिन्यात नावाला बट्टा.”

यावर त्यांनी तोंड फिरवलं, कारण त्यांना रडू येत होतं. वरच्या साहेबाने कधी पाठ थोपटली नव्हती, बढतीही एकच मिळाली होती. ‘हिचा कागद म्हणजे कागद’ ही एवढीच मिळकत त्यांनी ऑफिसात केली होती. तीच आता द्यायची होती.

वही त्यांनी मांडीवर उघडली. एका घराला एक जोडपान, सव्वीस ओळी. ओळीओळीतून माणसं दिसत होती. या घरात मूल झालं, जळण वाढलं, बाळंतिणीचं पाणी. या घरातला म्हातारा गेला, जळण उतरलं. या घरात मधे तीन वर्षं कुलूप. विभागाचा तक्ता कुणीही कितीही छापू दे, हे सगळं असलेली वही एकच होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला सुद्धा त्यांनी बेरजेपलीकडे काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायऱ्या चढून धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या.

“अगं बाई, ताई! आता कशाला? वजन झालं की आमचं.” मग तिची नजर वहीवर गेली आणि चेहरा उतरला. “काही चुकलं का?”

“काही चुकलं नाही. चहा कर.”

“करते. थांबा, आज गॅसवरच करते. तुमच्यासाठी तोडते सील.” ती खरोखरच सिलिंडरकडे वळली.

“नको. चुलीवरच कर. जळण मी आणलंय.”

त्या चुलीसमोर पाटावर बसल्या आणि त्यांनी वही मांडीवर घेतली. धाकटीचं पान उघडलं. “ऐक. तुझं लग्न झालं त्या वर्षी तुमच्या घरात दिवसाला तेरा किलो जळत होतं. तुझ्या दोन्ही जावा वेगळ्या झाल्या, साडेनऊवर आलं. थोरल्याच्या वेळी बारा. सासूबाई गेल्या, आठ. हे काय, हे वर्ष पाच किलो?”

“ह्यांची कंबर गेली ते वर्ष. लाकडं आणत होतं कोण?” धाकटी जवळ येऊन वाकून बघत होती. तिला वाचता येत होतं, सावकाश. “हे काय? ‘माझा चहा’?”

“तू मला पाजलेला चहा. माझ्यासाठी जाळलेलं लाकूड तुझ्या नावावर कशाला? दर वर्षी वजा केलं.”

“दर वर्षी?”

“दोन दिवसांचे दोन चहा. अर्धा किलो. पण दुसऱ्या दिवशीचा तू उरलेल्याचं वजन झाल्यावर टाकायचीस, म्हणून पावच धरला.”

धाकटी हसायला लागली. हसता हसता खोकली आणि खोकता खोकता डोळे पुसायला लागली. त्यातलं पाणी कशाचं ते तिचं तिलाच माहीत. वजनबाईंनी पिशवीतून लाल सुतळी काढली, वही उभी आडवी बांधली आणि काट्याला लावली. काटा डुलला आणि थांबला. एक किलो शंभर. हात सवयीने पेन शोधायला पिशवीकडे गेला आणि तसाच परत आला.

“ताई, हे काय चाललंय तुमचं?”

“नावं मागतायत. नावं वर जाणार नाहीत म्हणून सांगितलं होतं मी. तुझ्या सासूलाही सांगितलं होतं.”

धाकटीला समजायला एक क्षण लागला. मग तिने पुढे होऊन वही दोन्ही हातांनी धरली. “नको. अहो, सव्वीस वर्षांचं आहे ते. जाऊ दे आमचं नाव, एवढं काय—”

“सोड.”

“तुम्हाला काही करणार नाहीत ना?”

“मला काय करतायत? महिन्याने घरीच बसायचंय. सोड, धाकटे. चहा होऊ दे.”

धाकटीने हात काढून घेतले. वजनबाईंनी सुतळी सोडून पहिलं पान फाडलं, ते धाकटीचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. ते चुलीत सारून काडी लावली. पान भर्रकन पेटलं. मग दोन दोन, मग चार चार. कागदाचं जळण लबाड असतं, भडकतं फार आणि टिकत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी पातेल्यातलं पाणी उकळेपर्यंत ती पानं पुरली. पुठ्ठा तेवढा उरला. तो बराच वेळ नुसता धुमसत राहिला आणि खोलीभर धूर झाला. दोघीही खोकल्या.

“हे वजन कुठे लिहिणार आता?” चहा गाळता गाळता धाकटीने विचारलं.

“कुठे लिहू? वहीच जळली की.”

यावर हसायला हवं होतं, पण दोघींपैकी कुणाला हसू आलं नाही. चहाला कागदाच्या धुराचा वास येत होता. वजनबाईंनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

सोमवारी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत.

“वही हरवली, साहेब.”

“हरवली?”

“शनिवारी वर गेले होते. एक वजन परत बघायचं होतं. उतरताना पायऱ्यांवर कुठेतरी पडली.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना सगळं कळलं असावं. पण कळणं आणि दाखवता येणं यात फरक असतो, आणि तक्ता चार दिवसांत छापखान्यात जायचा होता. एवढ्या दिवसांत कुणाला वर पाठवणार आणि कुणाला काटा धरायला शिकवणार? ते काही बोलायच्या आत दाराशी कोळसेकाका येऊन उभे राहिले.

“साहेब, वही नसेल तर बाईंचा आकडा धरता येत नाही, तुमचं बरोबर आहे. पण मग अकरावा नियम लागतो. मागच्या वर्षीचा घ्यावा लागेल. तेलाच्या वेळी तसंच केलं होतं. कागद काढून देऊ का?”

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “काढा,” ते म्हणाले. मग वजनबाईंना म्हणाले, “पण हे असंच सोडता येणार नाही मला. तुमच्या सेवापुस्तकात नोंद करावी लागेल.”

“करा, साहेब.”

नोंद झाली. चौकशी सुरू आहे म्हणून निरोपसमारंभ पुढे ढकलला गेला आणि मग त्याचा विषय कुणी काढला नाही. गॅसच्या कारकुनाने जेवणाच्या सुटीत “सांभाळा रे, हातातली पोळी हरवेल” असा विनोद केला. तेलाने त्याच्यावर डोळे वटारले. शेवटच्या दिवशी वजनबाई काटा जमा करायला भांडारात गेल्या. इतकी वर्षं भांडारवाला त्यांच्याकडे किल्लीच टाकायचा, म्हणायचा, तुमचं तुम्ही ठेवा. त्या दिवशी त्याने काटा हातात घेतला, अडकवायचा हूक तुटलाय का पाहिलं, एक किलोचं वजन लावून बघितलं आणि सही दोन ठिकाणी घेतली. वजनबाईंनी दोन्ही सह्या केल्या.

दोन महिन्यांनी एका दुपारी कोळसेकाका घरी आले. काखेत कोरा करकरीत अहवाल होता. वजनबाईंनी त्यांच्यासाठी चहा टाकला, गॅसवर, आणि टाकताना उगीचच त्यांच्या मनात पाव किलो येऊन गेलं. यजमानांनी खुर्ची पुढे केली.

“पान बावीस,” काका म्हणाले.

पाच रंगांचा चौकोन छापला होता. काळा कोळसा, निळं तेल, पिवळा गॅस, तांबडी वीज. तळाशी तपकिरी पट्टी.

“एकोणीसच ना?” चष्मा शोधत वजनबाईंनी विचारलं.

“एकोणीसच. वर तारा आहे. यंदापुरतं झालं. पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी.” काका जरा घुटमळले. “मागच्या मंगळवारी गाडी आली होती पायऱ्यांपाशी. मी मुद्दाम चौकशी केली.”

वजनबाईंनी चष्मा लावला. ताऱ्याचा धागा धरून त्या पानाच्या तळाशी गेल्या. तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती त्यांनी एकदा वाचली, मग ओळीखाली बोट धरून परत वाचली. ‘संकलकाच्या हलगर्जीपणामुळे यंदाची माहिती उपलब्ध नाही, मागील वर्षाचा आकडा घेतला आहे.’

“मी सांगितलं होतं तो शब्द काढायला,” काका म्हणाले. “ऐकलं नाही.”

“राहू दे, काका.”

याआधी पंचवीस अहवाल निघाले होते. त्यातल्या एकातही लाकडाचा आकडा कुणी आणला याचा उल्लेख नव्हता.

“काय लिहिलंय?” यजमानांनी विचारलं. त्यांना ओठ दिसले नव्हते.

वजनबाईंनी अहवाल मिटला, पुसायची गरज नसताना त्यावरून पदर फिरवला, आणि तो कपाटात लग्नाच्या फोटोशेजारी उभा करून ठेवला. मग त्यांच्याकडे तोंड करून, शब्द तोडून तोडून म्हणाल्या, “माझ्याबद्दल आहे. एक ओळ.”